रांग ज्युएदचा पाला : वापरण्याआधी हे वाचा

रांग ज्युएद हा थायलंडमधला वेल. शास्त्रीय नाव थनबर्जिया लॉरिफोलिया; आपल्या अडुळशाच्या आणि कोरांटीच्या कुळातला. ताप, तहान आणि अंगातली उष्णता यांवर तिथे त्याच्या पानांचा चहा देतात. थायलंडच्या राष्ट्रीय आवश्यक औषधांच्या यादीत त्याची नोंद याच उपयोगासाठी आहे.

चहा कसा करावा

एका वेळी २ ते ३ ग्रॅम वाळलेला पाला पुरे. तो हलका असल्याने चमच्याचा अंदाज चुकतो, म्हणून पहिल्यांदा काट्यावर मोजून घ्या. त्यावर १२० ते २०० मिली कडकडीत पाणी ओता, ५ ते १० मिनिटे झाकून ठेवा आणि गाळून घ्या. दिवसातून तीनदा, जेवणाआधी. काढ्यासारखा उकळून आटवू नका. आटवला की मात्रेचा हिशेब राहत नाही. सकाळी केलेला चहा रात्रीपर्यंत ठेवू नका.

विष उतरवण्याबद्दल

ताजी पाने वाटून तांदळाच्या धुवणात कालवायची आणि रस पिळून लगेच पाजायचा, ही थायलंडच्या खेड्यांतली जुनी रीत आहे. माणसाला १०–१२ पाने, गुराला २०–३०. पॅराक्वाट या तणनाशकाची बाधा झालेल्या उंदरांवर अर्काचा चांगला परिणाम दिसला आहे, पण तेवढ्यावर माणसाचा जीव टांगणीला लावता येत नाही. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ मध्ये फवारणीच्या विषबाधेने शेतकऱ्यांचे जीव गेले, हे आपण पाहिले आहे. फवारणीचे औषध अंगावर उडाले, पोटात गेले, गरगरले, तर कपडे काढा, अंग साबणाने धुवा आणि औषधाचा डबा सोबत घेऊन थेट दवाखाना गाठा. घरी चहा करत बसू नका. आम्ही विकतो त्या पाल्याच्या पुडीवर ‘डिटॉक्स’ (अंगातले विष काढणारा) हा शब्द नाही, तो याचसाठी.

कोणी घेऊ नये

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांची साखर या चहाने जास्त खाली जाऊ शकते. रक्तदाब, फिट, थायरॉइड अशी रोजची औषधे चालू असतील, तर ती शरीरातून लवकर बाहेर पडून त्यांचा गुण कमी होण्याचा धोका आहे. अशांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या बायकांना आणि लहान मुलांना आम्ही हा पाला देत नाही.

बागेतला वेल चालेल का?

नाही. आपल्याकडच्या बागांत निळ्या-जांभळ्या फुलांची थनबर्जिया ग्रँडिफ्लोरा बरीच दिसते. फुले इतकी सारखी, की भलेभले फसतात. पान पाहा: तिचे रुंद, खरखरीत, कडेला दातेरी, रांग ज्युएदचे लांबट, टोकदार, गुळगुळीत.

साठवण

पाला हिरवट आणि चुरचुरीत असला पाहिजे. काचेच्या कोरड्या बरणीत, उन्हापासून दूर ठेवा. पावसाळ्यात झाकण उघडे राहिले की तो सादळतो आणि बुरशी धरतो. कुबट वास आला तर उन्हात वाळवून पुन्हा वापरू नका, टाकून द्या.