सुतावरून स्वर्ग गाठणारा मेंदू

रात्री साडेअकराला भाचीचा मेसेज आला, सोबत स्क्रीनशॉट. कॉलेजच्या पोर्टलवर तिच्या अर्जासमोर काल ‘प्रक्रियेत’ असं होतं, आज तिथे ‘पूर्ण’ आलं होतं. "मावशी, याचा अर्थ काय गं?" पाच मिनिटांनी दुसरा मेसेज: आज पान उघडायला फार वेळ लागतोय, निकाल चढवत असतील का? मग तिसरा: मैत्रिणीला हॉस्टेलच्या माहितीचा ईमेल आलाय, मला नाही.

तिचा जीव किती टांगणीला लागलाय ते त्या तीन मेसेजांतून कळत होतं. अर्ज भरून झाला, मुलाखत झाली, आता तिच्या हातात काहीच नाही आणि निर्णय कुणा तिसऱ्याच्याच टेबलावर. अशा वेळी माणूस खुणा शोधू लागतो. याला खुळेपणा म्हणणं मला पटत नाही, कारण आपला मेंदूच तसा घडलेला आहे.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या संशोधकांनी २०१६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. पडद्यावर दगड दिसायचा आणि त्याखाली साप आहे की नाही, हे ओळखायचं. साप निघाला की हाताला विजेचा झटका. सहभागी लोकांच्या डोळ्यांच्या बाहुल्या आणि घाम मोजून ताण तपासला गेला. सर्वांत जास्त ताण कधी आला? झटका बसणार हे नक्की असताना नव्हे, तर बसण्याची शक्यता निम्मी-निम्मी असताना. वाईट गोष्ट होणार हे ठाऊक असणं त्या मानाने सोसवतं. होईल की नाही, हेच छळतं.

याची दुसरी बाजू माकडांवरच्या प्रयोगात दिसते. क्रिस्टोफर फिओरिलो, फिलिप टॉबलर आणि वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी २००३ मध्ये मेंदूतल्या, डोपामिन हे बक्षिसाशी जोडलेलं रसायन तयार करणाऱ्या पेशींची हालचाल नोंदवली. बक्षीस मिळण्याची शक्यता किती, हे माकडांना आधी एका चित्रावरून कळत असे. बक्षीस नक्की मिळणार किंवा नक्की नाही, अशा वेळी मधल्या काळात या पेशी फारशा चाळवत नसत. शक्यता बरोब्बर अर्धी असली की मात्र उत्तर येईपर्यंत त्यांची हालचाल हळूहळू चढत जाई. प्रवेशाची वाट पाहणारा मुलगा दर दहा मिनिटांनी पान रिफ्रेश करतो, तेव्हा त्याच्याही डोक्यात असंच काही चाललं असावं, असं मला वाटतं. त्यात भर अशी, की बहुतेक वेळा काहीच बदललेलं नसतं आणि मधूनच कधीतरी एखादा शब्द बदललेला सापडतो. असं अवचित मिळणारं बक्षीस सवय सर्वांत घट्ट करतं.

आता खुणांचा अर्थ लावण्याकडे येऊ. मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी १९४८ साली भुकेल्या कबुतरांना ठरावीक वेळाने दाणे द्यायला सुरुवात केली. कबुतर काय करतंय याचा दाण्यांशी काहीही संबंध नव्हता. तरीही आठांपैकी सहा कबुतरांना चमत्कारिक लकबी लागल्या. एक गोल गोल फिरू लागलं, एक पिंजऱ्याच्या वरच्या कोपऱ्यात डोकं खुपसू लागलं. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, की त्या दोन्हींचं नातं जुळतं, असा स्किनर यांचा निष्कर्ष होता. पुढे १९७१ मध्ये जॉन स्टॅडन आणि व्हर्जिनिया सिमलहॅग यांनी तो प्रयोग नव्याने केला आणि या निष्कर्षावर शंका घेतली. त्यांच्या मते अशा हालचालींतल्या बऱ्याचशा अन्नाची वाट पाहण्यातूनच येतात. मला ही दुरुस्ती मूळ प्रयोगापेक्षाही बोलकी वाटते.

भाचीच्या तिन्ही खुणांना एकच प्रश्न विचारायला हवा होता, जो अशा वेळी सहसा सुचत नाही: प्रवेश मिळणार नसता, तर ही खूण दिसली नसती का?

समजा, १०० जणांनी अर्ज केलेत आणि २० जणांना प्रवेश मिळणार आहे. त्या २० पैकी १८ जणांच्या पानावर ‘पूर्ण’ हा शब्द आला. म्हणजे ९० टक्के! पुरावा भक्कम वाटतो. पण ज्यांना प्रवेश मिळणार नाही, त्या ८० पैकी ७२ जणांनाही तोच शब्द दिसला असेल तर? तेही ९० टक्केच. ‘पूर्ण’ दिसलेले एकूण झाले ९०, त्यांतले निवडलेले १८. म्हणजे शक्यता २० टक्के, शब्द दिसण्याआधी होती तेवढीच. रात्रभराची धडधड फुकट गेली. याउलट, नाकारलेल्यांपैकी फक्त ८ जणांना तो शब्द दिसला असता, तर दिसलेले एकूण २६ आणि त्यांत निवडलेले १८, म्हणजे सुमारे ६९ टक्के. अशी खूण मनावर घ्यायला हरकत नाही. हा हिशेब ज्यांच्या नावाने ओळखला जातो, ते इंग्रज गणिती थॉमस बेझ १७६१ साली वारले आणि त्यांचा निबंध १७६३ मध्ये छापला गेला.

‘पूर्ण’ याचा अर्थ पुष्कळदा एवढाच असतो, की सगळी कागदपत्रं पोचली. ईमेल टप्प्याटप्प्याने जातात, त्यामुळे मैत्रिणीला आज आला तर दुसरीला परवा येईल. आणि साईट मंद होण्यामागे, भाचीसारखेच असंख्य अर्जदार एकाच वेळी तिथे डोकावत असणं, एवढंही कारण पुरतं. सगळ्याच खुणा पोकळ असतात असं नाही. ‘फी भरून कोणत्या तारखेला रुजू होणार ते कळवा’ असं पत्र नाकारलेल्याला सहसा जात नाही.

अडचण अशी, की नाकारलेल्यांचा रकाना आपल्यासमोर क्वचितच येतो. प्रवेश मिळालेली मुलं हौसेने सांगतात, "मलाही अगदी असंच दिसलं होतं." न मिळालेली गप्प राहतात. निकालानंतर आपली आठवणही साथ देत नाही. बारुख फिशहॉफ यांनी १९७५ मध्ये दाखवलं, की एखाद्या घटनेचा शेवट कळला, की तो आधीच ओळखता आला असता असं माणसांना वाटू लागतं. शंभर खुणांतली खरी ठरलेली एक लक्षात राहते आणि "मला वाटलंच होतं" म्हणायला आपण मोकळे.

मग हे दिवस काढायचे कसे? केट स्वीनी या मानसशास्त्रज्ञ नेमका वाट पाहण्याचाच अभ्यास करतात. कॅलिफोर्नियात वकिलीच्या परीक्षेनंतर निकालासाठी चार महिने थांबलेल्या पदवीधरांची त्यांनी आणि सहकाऱ्यांनी पाहणी केली. ती २०१६ साली प्रसिद्ध झाली. मनाला समजावण्याचे बहुतेक उपाय चिंता कमी करायला फारसे उपयोगी पडले नाहीत. पण ज्यांनी ते महिने काळजीत काढले, त्यांनी वाईट बातमी अधिक चांगली पेलली आणि चांगल्या बातमीचा त्यांना आनंदही जास्त झाला. स्वीनी यांच्या पुढच्या संशोधनात आणखी एक गोष्ट दिसली: वेळेचं भान हरपेल अशा कामात जे बुडून जात, त्यांना थांबण्याचा काळ कमी जड गेला.

हे सगळं मी भाचीला फोनवर सांगितलं. काल तिने फोटो पाठवला, वहीच्या पानाचा. डावीकडे पाच खुणा ओळीने लिहिलेल्या. उजवीकडे रकान्याचं नाव, ‘नाही मिळालं त्यांना काय दिसलं?’ आणि त्याखाली पाचही ओळींत एकच उत्तर: ‘माहीत नाही.’ निकाल अजून यायचाय.