अल्पकर्बोदकी आहार व स्नायुबलवर्धन

अल्पकर्बोदकी आहार व स्नायुबलवर्धन : भात, पोळी, भाकरी, बटाटा, साखर यांसारखे पिष्टमय व गोड पदार्थ मर्यादित ठेवून वजनाच्या व्यायामाने स्नायूंचे बळ किंवा आकार वाढविण्याची पद्धत. मर्यादा कोठे आखावी याबाबत एकवाक्यता नाही. दिवसाला १३० ग्रॅमपेक्षा कमी कर्बोदके असल्यास अल्पकर्बोदकी आणि २० ते ५० ग्रॅम असल्यास कीटोजनक आहार (ज्यात शरीर चरबीपासून कीटोन नावाची द्रव्ये बनवून त्यांवर चालते), ही विभागणी वैद्यकीय लेखनात बरीच रूढ आहे. येथेही तीच स्वीकारली आहे. मुंबईच्या व्यायामशाळांत ‘कीटो’ हा शब्द बराच सैल वापरतात. केवळ रात्रीचा भात सोडलेला माणूसही आपण कीटोवर असल्याचे सांगतो.

उगम : या पद्धतीचा उगम वादग्रस्त आहे. लोकप्रिय लेखनात तो लंडनचा अंत्यविधी-व्यावसायिक विल्यम बँटिंग याच्याकडे नेतात. डॉ. विल्यम हार्वी यांच्या सल्ल्याने पाव, साखर, बटाटे व बिअर वर्ज्य करून आपले वजन कसे उतरले, हे त्याने १८६३ मध्ये पत्रकरूपाने छापले. त्याआधी १७९७ मध्ये ब्रिटिश सैन्यातील शल्यचिकित्सक जॉन रोलो यांनी मधुमेही रुग्णाला मांसप्रधान आहार दिल्याची नोंद आहे. तथापि रोलोंचे लक्ष मधुमेहावर होते आणि बँटिंगचे स्थूलतेवर. बळाचा प्रश्न दोघांपुढेही नव्हता, त्यामुळे त्यांना या पद्धतीचे जनक म्हणणे ओढूनताणून वाटते.

बळाचा धागा वेगळ्या ठिकाणी सापडतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात जर्मन रसायनज्ञ युस्टुस फोन लीबिख यांचे मत प्रभावी होते : स्नायू काम करताना स्वतःतील प्रथिनच जाळतो, म्हणून कष्टाचे काम करणाऱ्याने मांस खावे. ऑगस्ट १८६५ मध्ये आडोल्फ फिक व योहानेस व्हिस्लिसेनुस हे दोन शास्त्रज्ञ पिठाचे तळलेले पदार्थ, साखर व चहा अशा जवळजवळ प्रथिनविरहित आहारावर स्वित्झर्लंडमधील फाउलहॉर्न शिखर चढले. चढ १,९५६ मीटरचा होता. मूत्रातील नायट्रोजनावरून त्यांनी दाखविले की, शरीरात जळालेल्या प्रथिनातून एवढे काम निघणे शक्य नव्हते. लीबिख यांचे मत शास्त्रातून मागे पडले, पण ‘मांसाने मांस वाढते’ ही समजूत तालमींतून व नंतर जिममधून टिकून राहिली. १९५०–६० च्या सुमारास अमेरिकन प्रशिक्षक व्हिन्स गिरोंडा शरीरसौष्ठवपटूंना मांस व अंडी यांवर ठेवीत. १९९० नंतर मौरो दि पास्क्वाले यांनी आठवड्यातील पाच दिवस कर्बोदके जवळपास बंद आणि उरलेले दोन दिवस मोकळीक, असा चक्रीय प्रकार मांडला. आजच्या पद्धतीचा सरळ पूर्वज शोधायचाच तर तो गिरोंडा यांच्या परंपरेत शोधणे अधिक सयुक्तिक.

भारतीय मुळांचा दावाही केला जातो. शरीराच्या बृंहणासाठी, म्हणजे पुष्टीसाठी, मांसाहून श्रेष्ठ अन्न नाही, असे चरकसंहितेत म्हटले आहे. मात्र तोच ग्रंथ गव्हालाही बृंहण म्हणतो. पहिलवानी खुराक हा अल्पकर्बोदकी होता, असे म्हणणाऱ्यांच्या नजरेसमोर तूप आणि बदाम असतात. दूध ते विसरतात. म्हशीच्या एक लिटर दुधात सुमारे ५० ग्रॅम दुग्धशर्करा असते. दोन-तीन लिटर पिणाऱ्या मल्लाने भाकरीला हात न लावताही १०० ते १५० ग्रॅम कर्बोदके घेतलेली असत. मुंबईपुरते पाहता, गिरणगावात आलेल्या कोकण-घाटावरच्या कामगारांनी तालीम आणि खुराकाची ही कल्पना सोबत आणली, तर पाश्चात्त्य शरीरसौष्ठवाचे वेड प्रसिद्ध शरीरसौष्ठवपटू यूजेन सँडोच्या १९०४-०५ मधील भारतदौऱ्याने वाढीस लागले. बिनबाह्यांच्या बनियनला मराठीत ‘सँडो’ म्हणतात ते त्याच्याच नावावरून, असे मानले जाते.

शरीरक्रिया : वाद बहुधा दोन गोष्टींची गल्लत झाल्यामुळे होतो. एकदाच जास्तीत जास्त वजन उचलणे आणि तेच वजन दहा-बारा वेळा, चार-पाच सेट उचलणे, यांना इंधन वेगवेगळे लागते. पहिल्या काही सेकंदांचा जोर स्नायूत साठलेल्या एटीपी व फॉस्फोक्रिएटीन या तत्काळ ऊर्जा देणाऱ्या द्रव्यांतून येतो. तेथे भात खाल्ला की नाही याने फारसा फरक पडत नाही. सेट लांबला की ग्लायकोजेन, म्हणजे शरीरात साठविलेले कर्बोदक, खर्ची पडते. प्रौढ माणसाच्या स्नायूंत ते सर्वसाधारणपणे ३०० ते ५०० ग्रॅम आणि यकृतात १०० ग्रॅमच्या आसपास असते. प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेले असते. पहिल्याच आठवड्यात काटा दोन-तीन किलो खाली येतो तो मुख्यतः या पाण्यामुळे. त्याच वेळी दंड ‘सपाट’ दिसू लागतात आणि पंप (व्यायामावेळी स्नायूंना येणारा फुगीरपणा) येत नाही. हे पाहून स्नायू झिजला असे समजून अनेक जण घाबरून आहार सोडतात.

स्नायूच्या वाढीला प्रथिन, पुरेशी ऊर्जा व वाढता भार या तीन गोष्टी लागतात. इन्शुलीन स्नायूची झीज रोखते, पण त्यासाठी लागणारी पातळी माफक असते आणि पुरेसे प्रथिन खाल्ल्यानेही ती गाठली जाते. म्हणून कर्बोदकांशिवाय वाढ अशक्य, हे मत आता फारसे मानले जात नाही. अडचण भुकेची आहे : प्रथिन व स्निग्धांशाने पोट लवकर भरते, एकूण उष्मांक घटतात आणि वाढ मंदावते. १९८३ मध्ये स्टीव्हन फिनी व सहकाऱ्यांनी पाच सायकलपटूंना चार आठवडे दिवसाला २० ग्रॅमपेक्षा कमी कर्बोदकांवर ठेवले. मध्यम वेगातील त्यांचा टिकाव सरासरीने कायम राहिला. हा प्रयोग वारंवार उद्धृत होतो, पण तो दमाचा आहे, बळाचा नाही. अधिक उपयुक्त प्रयोग आंतोनिओ पाओली यांच्या गटाने २०१२ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात इटलीच्या अव्वल जिम्नॅस्टांना ३० दिवस भरपूर प्रथिनयुक्त कीटोजनक आहार दिला असता चरबी घटली, बळ टिकले, स्नायू मात्र लक्षणीय वाढला नाही. ज्यांना स्वतःचेच वजन पेलायचे असते, अशा शिवाजी पार्कवरील मल्लखांबपटूंना हा निष्कर्ष ‘श्री’ किताबाच्या शरीरसौष्ठव स्पर्धांच्या तयारीतील खेळाडूंपेक्षा जवळचा ठरावा. एकूण पुरावा पाहता चरबी उतरवताना बळ टिकविण्यास हा आहार पुरतो. आकार वाढविण्यास तो सोयीचा नाही.

मुंबईतील व्यवहार : राष्ट्रीय पोषण संस्थेची २०२० ची शिफारस शरीराच्या दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रथिनाची आहे. वजनाचा व्यायाम करणाऱ्यांसाठी १.६ ग्रॅमच्या आसपासचा आकडा सध्या ग्राह्य धरतात. ७० किलोच्या माणसाला तो ११२ ग्रॅम पडतो. शाकाहारी घरात येथेच गाडी अडते. कच्च्या तूरडाळीत १०० ग्रॅममागे सुमारे २२ ग्रॅम प्रथिन असते. केवळ ६० ग्रॅम प्रथिनासाठी पाव किलोहून जास्त डाळ शिजवावी लागेल आणि तिच्याबरोबर १५० ग्रॅमच्या आसपास कर्बोदके येतील. भात सोडून वरण वाढविणारा माणूस प्रत्यक्षात अल्पकर्बोदकी राहत नाही, आणि वरणही सोडणारा प्रथिनाला मुकतो. मग उरते पनीर, अंडी आणि व्हे पावडर (दुधाच्या निवळीतील प्रथिनाची भुकटी). सोमवार, संकष्टी किंवा श्रावणात अंडीही वर्ज्य होतात. उपवासाची साबुदाण्याची खिचडी तर जवळपास निव्वळ पिष्ट; शेंगदाण्याचे कूट काय ते थोडी लाज राखते.

मासळी खाणाऱ्यांना हे शहर अनुकूल आहे. बांगड्यात १०० ग्रॅममागे १९-२० ग्रॅम प्रथिन असून कर्बोदके जवळपास नाहीत. ओला बोंबील मात्र फसवा : त्यात बहुतांश पाणीच. वाळल्यावर त्याचे प्रथिन ६० टक्क्यांच्या घरात जाते. जून-जुलैच्या मासेमारीबंदीत सुकट, जवळा आणि सुके बोंबील यांवर निभावते. या आहारात मूत्रपिंडे सोडियम अधिक बाहेर टाकतात आणि मुंबईच्या दमट हवेत घामावाटेही ते जाते. पहिल्या आठवड्यातील डोकेदुखी, गरगरणे व पायांत गोळे येणे यांचे हे मोठे कारण असते. खारवलेल्या सुक्या मासळीने किंवा मीठ घातलेल्या सूपाने ते पुष्कळसे आवरते. रक्तदाबाच्या रुग्णांनी मात्र मिठाचा हा उपाय स्वतःहून करू नये.

इन्शुलीन घेणाऱ्या मधुमेहींना कर्बोदके एकदम तोडल्यास रक्तशर्करा धोकादायक उतरू शकते. मधुमेहावरील ‘ग्लिफ्लोझिन’ गटातील गोळ्या चालू असताना साखर फार न वाढताही कीटोआम्लता (कीटोन साचून रक्त धोकादायकरीत्या आम्ल होणे) होऊ शकते, म्हणून त्या गोळ्यांबरोबर कीटोजनक आहार टाळतात. जुनाट मूत्रपिंडविकारात जास्त प्रथिन वर्ज्य असते.

‘मुंबई श्री’सारख्या स्पर्धांच्या हंगामात या आहाराचे टोक दिसते. आठवडेच्या आठवडे चिकन, अंड्याचा पांढरा भाग आणि काकडीवर काढलेला खेळाडू शेवटच्या एक-दोन दिवसांत भात व रताळी खातो. रिकामे झालेले स्नायू ग्लायकोजेन आणि त्यामागोमाग पाणी ओढून घेतात आणि मंचावर फुगीर दिसतात. याच सुमारास पाणी पिणे बंद करण्याची चालही काही जिममध्ये आहे. ती धोक्याची तर आहेच, शिवाय हेतूच्या विरुद्ध जाते. कारण ग्लायकोजेन साठायला पाणीच लागते.