मोटार मेकॅनिक व्हायचंय? आयटीआय प्रवेशाचा अर्ज भरण्याआधी हे वाचा

नटबोल्ट उघडणारे हात गॅरेजात मिळतात. तुटवडा आहे तो स्कॅनर (गाडीतला दोष वाचणारं यंत्र) लावून बिघाड नेमका कुठे आहे हे सांगणाऱ्यांचा. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6, म्हणजे प्रदूषणाचे कडक नियम पाळणाऱ्या, गाड्या आल्या आणि सेन्सर, ईसीयू (इंजिन चालवणारा छोटा संगणक), वायरिंग कळल्याशिवाय इंजिनाला हात लावणं अवघड झालं. ही तूट आयटीआय भरून काढू शकते असं मला मनापासून वाटतं, पण त्यासाठी योग्य मुलगा किंवा मुलगी योग्य संस्थेत पोहोचायला हवी. म्हणून अर्ज नीट भरा.

'मेकॅनिक मोटर व्हेईकल' हा ट्रेड, म्हणजे आयटीआयचा अभ्यासक्रम, दोन वर्षांचा. विज्ञान आणि गणित घेऊन दहावी उत्तीर्ण असणं आणि किमान 14 वर्षं वय एवढी अट. कमाल वयाची मर्यादा नाही. एका वर्षात शिकून बाहेर पडायचं असेल तर 'मेकॅनिक डिझेल' आहे. प्रवेश परीक्षा नसते, दहावीच्या गुणांवर यादी लागते. मुलींसाठी 30 टक्के जागा राखीव असतात. या ट्रेडला मुली फार कमी येतात, त्यांनी जरूर यावं.

महाराष्ट्रात अर्ज व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाच्या प्रवेश संकेतस्थळावर ऑनलाइन भरायचा. मोबाइल नंबर घरातलाच द्या, सायबर कॅफेवाल्याचा नको. पुढचे सगळे मेसेज त्यावरच येतात. दहावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र आणि आधार तयार ठेवा. आरक्षण हवं असेल तर जातीचा दाखला आणि लागू असल्यास नॉन-क्रिमिलेअर. हे दाखले तहसीलमधून यायला वेळ लागतो, निकालाची वाट न बघता आधीच काढा. अर्ज भरला म्हणजे झालं असं समजू नका. मूळ कागदपत्रं तपासून, शुल्क भरून तो निश्चित करून घ्यावा लागतो.

खरी गफलत होते ती पर्याय भरताना. संस्था आणि ट्रेड यांचे पर्याय पसंतीच्या क्रमाने द्यायचे असतात. पहिल्याच पर्यायाची जागा मिळाली आणि प्रवेश घेतला नाही, तर प्रवेशाच्या पुढच्या नियमित फेऱ्यांतून तुम्ही बाहेर पडता. म्हणून मित्राने भरलं तसं भरू नका. आधी संस्थेत जाऊन वर्कशॉप बघा. बीएस-6 इंजिन आहे का, स्कॅनर चालू आहे का, मुलांच्या हातात देतात का, हे तिथे शिकणाऱ्या मुलांनाच विचारा. जवळचं पण रिकामं वर्कशॉप असेल, तर बसने तासभर जावं लागलं तरी लांबचं चांगलं आयटीआय पसंतीक्रमात वर टाका.

दोन वर्षांनंतर थेट इंजिनिअरिंग पदविकेच्या (डिप्लोमाच्या) दुसऱ्या वर्षाला जाता येतं. पण आधी अप्रेंटिसशिप करावी, असं माझं मत. 30 किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनांना कायद्याने शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात, विद्यावेतनही मिळतं. मोठी सर्व्हिस सेंटर यात येतात. तिथे जागा कधी निघतात याची चौकशी दुसऱ्या वर्षातच सुरू करा.