हिरवा म्हणजे नेमका कोणता हिरवा?

आर या संख्याशास्त्रीय भाषेत आलेखाला 'ग्रीन' रंग दिला की झगझगीत हिरवा उमटतो. तेच नाव वेबपानाचे रूप ठरवणाऱ्या सीएसएस भाषेत लिहिले तर गडद हिरवा मिळतो. लाल, हिरवा, निळा या क्रमाने पहिल्याचे आकडे ०, २५५, ० आहेत आणि दुसऱ्याचे ०, १२८, ०. नाव एकच, पण ते ज्या तक्त्यात शोधले जाते तो वेगळा. आरची नावे एक्स११ या विंडो प्रणालीच्या यादीतून आली आहेत. 'ग्रे'चे तिन्ही घटक तिथे १९०, तर वेबवर १२८. 'पर्पल' आणि 'मरून' यांचेही तसेच. पायथन भाषेतली आलेख काढणारी मॅटप्लॉटलिब लायब्ररी वेबचा तक्ता मानते आणि आकडे ० ते १ या पट्टीत देते. म्हणून आलेख एका भाषेतून दुसरीकडे नेताना नावाऐवजी आकडे न्यावेत.

आरमध्ये हे आकडे 'कॉलटूआरजीबी' हे फंक्शन काढून देते (लिहिताना 'टू'च्या जागी २ हा अंक येतो). त्याला 'कलर्स' यादीतल्या ६५७ नावांपैकी कोणतेही नाव चालते. लहान-मोठी अक्षरे आणि मधली मोकळी जागा ते बघत नाही.

# ने सुरू होणारा कोडही चालतो. तो षोडशमान पद्धतीत असतो, प्रत्येक घटकाला दोन स्थाने. लाल घटक 'डीएफ' असेल तर डी म्हणजे १३, एफ म्हणजे १५, आणि १३ × १६ + १५ = २२३. सहाऐवजी आठ स्थाने असतील तर शेवटची दोन अपारदर्शकतेची. फंक्शन ती एरवी गाळून टाकते. हवी असल्यास 'अल्फा' ट्रू करावे लागते. 'ट्रान्सपरंट' (पारदर्शक) किंवा एनए (आरमध्ये 'मूल्य नाही' याची खूण) दिल्यावर २५५, २५५, २५५ येते, म्हणजे चक्क पांढरा! अल्फा मागितल्यावरच तिथला ० दिसतो.

नुसता पूर्णांक दिला तर तो चालू पॅलेटमधला, म्हणजे रंगांच्या क्रमवार यादीतला, क्रमांक धरला जातो. इथे जुना कोड दगा देतो. २०२० मध्ये आलेल्या ४.०.० आवृत्तीत मूळ पॅलेट बदलले. त्याआधी २ म्हणजे शुद्ध लाल २५५, ०, ० होता, आता तो २२३, ८३, १०७ आहे.

सर्वात घातक चूक मात्र उलट प्रवासात, आकड्यांवरून कोड बनवताना होते. कॉलटूआरजीबीच्या उत्तरात प्रत्येक रंगाला एक स्तंभ असतो, तर 'आरजीबी' फंक्शनला प्रत्येक रंगाची एक ओळ लागते. त्यामुळे आधी 'टी' हे फंक्शन वापरून सारणी आडवीची उभी करायची आणि कमाल मूल्य २५५ असल्याचे सांगायचे, कारण ते न सांगितल्यास १ धरले जाते. कमाल मूल्य विसरलात तर लगेच त्रुटी दिसते, तेवढे बरे. पण 'टी' विसरलात आणि रंग नेमके तीनच असतील, तर सारणी ३ × ३ असल्याने आर काहीच तक्रार करत नाही. 'ऑरेंज', 'नेव्ही', 'टोमॅटो' यांचे लाल घटक २५५, ०, २५५. हे तिन्ही मिळून एकच रंग समजला जातो आणि नारिंगीच्या जागी भडक किरमिजी येतो. गट तीनच असलेले आलेख तर नेहमीचे, म्हणून परत बनवलेले कोड पुन्हा कॉलटूआरजीबीमधून काढून मूळ आकड्यांशी ताडून पाहावेत.