त्रास सगळ्यांना, बोलत कुणीच नाही: सहप्रवासाचं विज्ञान

शेजारचा प्रवासी फोनवर बोलू लागला की हातातल्या पुस्तकाचं तेच पान पुन्हा पुन्हा वाचावं लागतं. दोन माणसं समोरासमोर बसून तितक्याच आवाजात गप्पा मारत असली, तर मात्र थोड्या वेळानं आपलं तिकडे लक्षही राहत नाही. आवाज तेवढाच, मग त्रास एवढा वेगळा का?

कॉर्नेल विद्यापीठातल्या लॉरेन एम्बरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये याचं नेमकं उत्तर शोधलं. त्यांनी लोकांना संगणकासमोर बसवलं आणि पडद्यावर हलणाऱ्या ठिपक्यामागे माउसचा बाण धरून ठेवायला सांगितलं. काम सोपं असलं तरी त्यात सतत लक्ष लागतं. हे चालू असताना कानावर कधी दोघांचा पूर्ण संवाद पडायचा, कधी एकच माणूस सलग बोलत असायचा, तर कधी फोनवरच्या संवादाची फक्त एक बाजू. चुका वाढल्या त्या या अर्ध्या संवादाच्या वेळी. आपला मेंदू ऐकलेल्या वाक्यावरून पुढचं वाक्य सतत ताडत असतो. पूर्ण संवादात हा अंदाज बऱ्यापैकी जुळतो, म्हणून मेंदू निर्धास्त असतो. अर्ध्या संवादात पुढचा शब्द कधी येईल आणि काय असेल, याचा पत्ता लागत नाही. म्हणून प्रत्येक वेळी लक्ष तिकडे ओढलं जातं. संशोधकांनी तोच आवाज शब्द कळणार नाहीत इतका धूसर करून ऐकवला, तेव्हा हा परिणाम नाहीसा झाला. म्हणजे खरा त्रास आवाजाचा नाही, अर्धवट अर्थाचा आहे. ‘तुम्ही दुर्लक्ष करा ना’ हा सल्ला त्यामुळेच निरुपयोगी ठरतो. दुर्लक्ष करणं तिथे पूर्णपणे आपल्या हातात नसतं.

बोलणाऱ्याच्या बाजूनंही एक गोष्ट सांगायला हवी. भोवती गोंगाट असला की माणूस नकळत आवाज चढवतो. एतिएन लोम्बार या फ्रेंच वैद्यानं १९११ मध्ये हे नोंदवलं आणि आजही ते त्याच्याच नावानं ओळखलं जातं. धावत्या गाडीच्या खडखडाटात फोनवर बोलणाऱ्याला वाटत असतं की आपण साध्या आवाजात बोलतोय. आपण ओरडतोय हे त्याच्या गावीही नसतं. त्यानं डब्याबाहेर पडल्यावर बोलावं ही अपेक्षा रास्तच आहे, पण त्याला मुद्दाम त्रास देणारा ठरवणं मला पटत नाही.

जागेचंही असंच आहे. एडवर्ड हॉल या मानववंशशास्त्रज्ञानं १९६६ मध्ये माणसामाणसांतल्या अंतराचे टप्पे मांडले. साधारण ४५ सेंटिमीटरच्या आतलं अंतर अगदी जवळच्या माणसांसाठी राखलेलं असतं. त्याच्या बाहेर, सव्वा मीटरपर्यंत, ओळखीच्यांशी बोलण्याचं अंतर. ही मापं सगळ्या समाजांत सारखी नसतात, हे हॉलनंही सांगितलं होतं. पण कुठल्याही समाजात, अनोळखी माणसाचा दंड आपल्या दंडाला अर्धा तास चिकटून राहावा, असं एरवी घडत नाही. सार्वजनिक वाहनात ते रोज घडतं.

या जवळिकीची शरीर काय किंमत मोजतं? गॅरी एव्हान्स आणि रिचर्ड वेनर यांनी न्यू जर्सीहून मॅनहॅटनला रोज रेल्वेनं जाणाऱ्या १३९ प्रवाशांच्या लाळेतलं कॉर्टिसोल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, मोजलं. अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. डबा एकूण किती भरलाय, याचा ताणाशी फारसा संबंध दिसला नाही. संबंध दिसला तो आपल्या स्वतःच्या बाकावर, अगदी शेजारी, किती माणसं आहेत याच्याशी. डब्यात शंभर माणसं असोत. त्रास देतो तो एक कोपर. मधल्या सीटवर बसायला माणसं नाखूष असतात आणि जागा असूनही उभी राहतात, त्याचं कारण हेच.

याहून जुना एक स्वीडिश अभ्यास मला जास्त बोलका वाटतो. उल्फ लुंडबर्ग यांनी १९७६ मध्ये स्टॉकहोमला जाणाऱ्या एकाच गाडीतल्या दोन गटांची तुलना केली. एक गट पहिल्याच स्थानकावर चढणारा, दुसरा मधल्या स्थानकावर. पहिल्या गटाचा प्रवास लांबचा, तरीही त्यांच्या लघवीत ॲड्रेनलिन या ताणाच्या संप्रेरकाचं प्रमाण कमी आढळलं. त्यांना रिकाम्या डब्यात हवी ती जागा निवडता येत होती, कुणाशेजारी बसायचं हे ठरवता येत होतं. नंतर चढणाऱ्यांना उरलेल्या जागांपैकी मिळेल ती घ्यावी लागत होती. गर्दीपेक्षाही, आपल्या हातात काहीच नाही ही भावना माणसाला जास्त दमवते.

हे कळलं की शेजारच्या सीटवर बॅग ठेवून खिडकीबाहेर बघत बसणारा माणूस वेगळा दिसू लागतो. एस्थर किम या समाजशास्त्रज्ञ अमेरिकेत लांब पल्ल्याच्या बसनं फिरल्या आणि शेजारी कुणी बसू नये म्हणून लोक काय काय करतात ते त्यांनी टिपलं. २०१२ च्या त्यांच्या लेखात ही यादी आहे: नजर टाळायची, हेडफोन लावून ऐकू न आल्यासारखं करायचं, झोपेचं सोंग घ्यायचं, रिकाम्या सीटवर सामान पसरायचं. माणूस इथे आपल्या हातातून निसटलेला ताबा थोडा तरी परत मिळवू पाहत असतो. फक्त त्याची किंमत उभं राहणाऱ्या दुसऱ्या माणसाला मोजावी लागते, आणि म्हणून ते चूकच आहे. पाय पसरून दीड माणसाची जागा अडवणाऱ्याचंही तसंच. शेजारचा अंग चोरून बसतो, त्यामुळे पसरणाऱ्याला आपण किती पसरलोय ते कधी कळतच नाही.

आता दरवाज्याकडे या. माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, आणि त्याची चर्चा सगळ्यात कमी होते.

गाडी थांबते. दरवाज्यात दोघं उभे आहेत, एकाच्या पाठीवर फुगलेली बॅग. त्याला उतरायचं नाही. आतून येणारी बाई आडवी होऊन त्यांच्या मधून वाट काढते, तिची पर्स बॅगेच्या पट्ट्यात अडकते, ती क्षणभर थांबते. तेवढ्यात खालून दोघांनी पाय आत टाकलेले असतात. तिघंचौघं एकाच वेळी उतरू शकतील एवढा दरवाजा, पण आता एकेक माणूस झिरपतोय. आणि दरवाज्यापासून चार पावलांवर डब्याचा मधला भाग मोकळा आहे.

दरवाज्यात उभे राहणारे आडमुठे असतात असं आपण धरून चालतो. त्यांना विचारलं तर बहुतेक जण एकच सांगतील: आत गेलो आणि वेळेवर बाहेर पडता आलं नाही तर? ही भीती खोटी नाही. दरवाज्यात लोक उभे असतात म्हणूनच आतल्याला बाहेर पडता येत नाही, आणि बाहेर पडता येणार नाही म्हणूनच जो तो दरवाज्यात उभा राहतो. एकेकट्याचं वागणं शहाणपणाचं, पण सगळ्यांचं मिळून नुकसान, असा हा पेच आहे. खेळ-सिद्धांत, म्हणजे एकमेकांवर अवलंबून असलेल्या निर्णयांचं गणित, शिकवणाऱ्यांना चांगलं उदाहरण शोधायला याहून लांब जावं लागू नये.

दरवाज्यातल्या या पंधरा-वीस सेकंदांच्या खोळंब्याचं पुढे काय होतं, याचं गणित गॉर्डन न्यूवेल आणि रेनफ्रे पॉट्स यांनी १९६४ मध्ये मांडलं. समजा एका मार्गावर दर दहा मिनिटांनी बस आहे. एका बसला एका थांब्यावर थोडा उशीर झाला. पुढच्या थांब्यावर ती पोचेपर्यंत तिथे नेहमीपेक्षा जास्त माणसं जमलेली असतात. त्यांना चढायला जास्त वेळ लागतो, म्हणजे उशीर आणखी वाढतो. तिच्या मागच्या बसला मात्र प्रत्येक थांब्यावर कमी माणसं मिळतात, म्हणून ती भराभर पुढे येते. शेवटी दोन्ही एकामागोमाग धावू लागतात: पुढची खचाखच भरलेली, मागची जवळपास रिकामी, आणि त्यानंतर लांबलचक खंड. अर्धा तास बस नाही आणि मग दोन एकदम, ही तक्रार जगभर आहे. तिची सुरुवात होण्यासाठी चालकाची किंवा वेळापत्रकाची चूक लागतेच असं नाही. एका दरवाज्यातला खोळंबाही पुरतो. रेल्वेत मागची गाडी पुढचीला गाठत नाही, ती सिग्नलवर उभी राहते, आणि तिच्या मागची तिच्यामागे. दरवाज्यात बॅग अडकलेल्या माणसाला हे कधीच दिसत नाही. नुकसान सोसणारे पाच थांबे पुढे वाट बघत असतात.

मग एवढा त्रास होत असताना कुणी बोलत का नाही? डब्यातले तीस जण मूग गिळून का बसतात?

प्रत्येक जण इतरांचे चेहरे बघतो. इतरांचे चेहरे निर्विकार दिसतात, कारण त्यांनीही ते मुद्दाम तसे ठेवलेले असतात. त्यावरून जो तो अनुमान काढतो की याचा त्रास फक्त मलाच होतोय. तीसही जण हेच अनुमान काढतात. मानसशास्त्रात याचा पुष्कळ अभ्यास झाला आहे. अनोळखी माणसांत एकमेकांकडे ओझरतं बघून नजर वळवण्याची जी रीत आहे, तिची या मौनाला साथ मिळते. समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी १९६३ मध्ये या रीतीचं वर्णन केलं होतं. तिच्यामागे सौजन्य आहे: मी तुला पाहिलंय, पण तुझ्या आयुष्यात डोकावणार नाही. पण त्याच सौजन्यामुळे हक्काचं बोलणंही अडतं.

हे अडणं किती खोल असतं, ते मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली मिल्ग्रम यांनी १९७० च्या दशकात न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत स्वतः अनुभवलं. त्यांनी विद्यार्थ्यांना सांगितलं: बसलेल्या माणसाजवळ जा आणि कारण न देता विचारा, ‘तुमची जागा मला द्याल का?’ विद्यार्थी का कू करू लागले. म्हणून मिल्ग्रम स्वतः गेले, आणि त्यांच्याही तोंडातून शब्द फुटेना. घशात अडकल्यासारखं झालं, ते मागे फिरले. शेवटी कसंबसं विचारलं, समोरचा उठला, मिल्ग्रम बसले आणि आपली मागणी खरी वाटावी अशा एका विलक्षण दडपणानं त्यांचं डोकं गुडघ्यांत गेलं, चेहरा पांढरा पडला. हे नाटक नव्हतं. गाडीतून उतरताच सगळं निवळलं.

विचारणाऱ्याची ही अवस्था. ज्यांना विचारलं त्यांनी काय केलं? ६८ टक्के लोकांनी उठून किंवा सरकून जागा दिली. ‘उभ्यानं पुस्तक वाचता येत नाही’ असं किरकोळ कारण दिलं तेव्हा मात्र आकडा सुमारे ४२ टक्क्यांवर आला. कारण ऐकू आलं नाही की ऐकणारा मनातल्या मनात एखादं गंभीर कारण गृहीत धरतो. क्षुल्लक कारण सांगितलं की त्याला नाही म्हणायला जागा मिळते. प्रवासात कुणाला काही सांगायचं असेल तर हे उपयोगी आहे. ‘जरा आवाज कमी कराल का?’ एवढंच पुरेसं असतं, लांबण लावलं की वादाला तोंड फुटतं. फ्रान्सिस फ्लिन आणि व्हनेसा लेक यांनी २००८ मध्ये दाखवून दिलं की थेट विनंती केल्यावर किती जण हो म्हणतील, याचा आपला अंदाज प्रत्यक्षापेक्षा फार कमी असतो. नाही म्हणणं समोरच्यालाही किती अवघड जातं, हे विनंती करणारा विसरतो. अर्थात समोरचा नशेत असेल किंवा हमरीतुमरीवर आलेला असेल, तर एकट्यानं जाऊ नये, कर्मचाऱ्यांना कळवावं.

ज्याला मागायची सगळ्यात जास्त गरज आहे, त्यालाच मागणं सगळ्यात जड जातं. बाहेरून न दिसणारं दुखणं असलेली माणसं, पहिल्या महिन्यांतल्या गर्भवती. लंडनमध्ये २०१७ पासून न दिसणारं दुखणं असलेल्या प्रवाशांना ‘कृपया मला बसायला जागा द्या’ असा बिल्ला मिळतो. दक्षिण कोरियातल्या बुसान शहरात २०१६ मध्ये मेट्रोतल्या राखीव सीटजवळ एक गुलाबी दिवा बसवून पाहिला. गर्भवतीजवळचं छोटं यंत्र जवळ आलं की तो लागायचा. दोन्हीकडे विचार एकच आहे: विनंतीचा भार माणसाच्या जिभेवरून काढून एखाद्या वस्तूवर टाकायचा.

सूचनाफलक लिहिणाऱ्यांनी मात्र जपून लिहायला हवं. रॉबर्ट चाल्डिनी यांनी अमेरिकेतल्या ॲरिझोनामधल्या एका राष्ट्रीय उद्यानात, जिथून पर्यटक अश्मीभूत लाकडाचे तुकडे उचलून नेत, दोन प्रकारचे फलक लावून पाहिले. ‘आजवर अनेकांनी लाकूड नेलं, त्यामुळे उद्यान बदलत चाललंय’ या फलकापाशी खुणा केलेल्या तुकड्यांपैकी सुमारे ८ टक्के चोरीला गेले. ‘कृपया लाकूड नेऊ नका’ या साध्या फलकापाशी २ टक्क्यांहूनही कमी. अनेक जण करतात असं सांगितलं की वाचणाऱ्याला तीच रीत वाटते. ‘बरेच प्रवासी सीटवर पाय ठेवतात’ अशा शब्दांत सुरू होणारी उद्घोषणा म्हणूनच उलट काम करू शकते. ‘आधी उतरू द्या’ हे तीन शब्द, दरवाज्याच्या बाजूला कुठे उभं राहायचं ते दाखवणारा फलाटावरचा पट्टा, आणि आत गेलेल्याला धरायला डब्याच्या मध्यापर्यंत पुरेशा कड्या, यांतून जास्त साधेल. कड्या फक्त दरवाज्याजवळ असतील, तर माणसं आत सरकणार नाहीत, कितीही घोषणा केल्या तरी.