सांगलीत समुद्र नाही, मग डायव्हिंगचं घड्याळ कशाला?

डायव्हिंगचं घड्याळ घ्यायचं म्हटलं की घरचे पहिलं हेच विचारतात. बरोबरच आहे, आयर्विन पुलाखाली कृष्णेत पोहायला 300 मीटर खोल पाण्यात टिकणारं घड्याळ लागत नाही. तरी लोक पैसे साठवून घेतात, आणि आम्हा घड्याळ दुरुस्तीवाल्यांना विचाराल तर त्यात वेडेपणा काही नाही. बाकीची महागडी घड्याळं लग्नकार्याला बाहेर निघतात न् परत डबीत जातात, हे मात्र रोज वापरायलाच केलंय, धूळ, घाम, पाऊस सगळ्यात, आणि त्याच्यावरची जवळजवळ प्रत्येक गोष्ट कोणाच्या तरी कामासाठी आलीय.

1953 साली फ्रेंच नौदलाच्या पाण्याखाली पोहणाऱ्या सैनिकांसाठी ब्लँकपेनचं फिफ्टी फॅदम्स आलं, पन्नास फॅदम म्हणजे साधारण 91 मीटर. रोलेक्सची सबमरिनर त्याच सुमाराची. काळी डायल, जाड काटे, मोठ्या खुणा हे रूप तेव्हाचं, कारण गढूळ पाण्यात एका नजरेत वेळ कळली पाहिजे. चमकणारा रंग तेव्हा रेडियमचा, म्हणजे किरणोत्सारी असायचा, आताच्या नव्या घड्याळात तसलं काही नसतं, उजेड पिऊन चमकतो, त्याचं टेन्शन नको. आजोबांचं जुनं घड्याळ असेल तर मात्र घरी उघडून डायल खरवडत बसू नका.

काचेभोवतीची फिरती रिंग, म्हणजे बेझेल, ही आमची सगळ्यात आवडती गोष्ट. पाण्यात उतरताना तिचा त्रिकोण मिनिटकाट्यासमोर आणायचा, मग काटा सरळ किती मिनिटं झाली ते सांगतो. आणि ती एकाच बाजूला फिरते, चुकून धक्का लागला तरी झालेला वेळ जास्तच दिसणार, म्हणजे माणूस लवकर वर येणार, हवा संपून अडकणार नाही. आपल्याकडं रात्रीची लाईट आली की शेतात मोटर चालू करून बेझेल लावून ठेवणारे गिऱ्हाईक आहेत आमचे, मोबाईल चिखलात काढायला नको म्हणतात!

आता मुद्द्याचं. पाणी अडवतंय ते जाड स्टील नाही, आतल्या बारीक रबरी रिंगा. मागच्या झाकणाखाली एक, चावीच्या आत एकदोन, बहुतेक घड्याळात काचेभोवती एक. वय झालं की रबर कडक होतं, चपटतं, गरम पाणी न् साबणानं अजून लवकर, आणि बाहेरून घड्याळ नवं कोरं दिसत असलं तरी पाणी आत शिरतं. डायलवर 300 मीटर लिहिलंय ते रिंगा धड असतानाचं. आयएसओ 6425, म्हणजे डायव्हिंगच्या घड्याळांचं आंतरराष्ट्रीय मानक, पूर्ण पाळणारं घड्याळ लिहिलेल्या खोलीपेक्षा 25 टक्के जास्त दाबाला तपासलेलं असतं, पण ते कारखान्यातून निघताना, दहा वर्षं वापरल्यावर नाही. साध्या घड्याळावर 30 मीटर असेल तर हात धुताना उडालेलं पाणी आणि पावसाचे थेंब एवढंच समजा, पोहायचं नाही.

म्हणून रिंगा बदलून आम्ही प्रेशर टेस्ट करतो. आधी कोरडी, मशीनमध्ये हवेचा दाब देऊन घड्याळाची केस, म्हणजे बाहेरची बॉडी, किती दबतेय बघायचं, दाब आत शिरला तर केस दबत नाही, म्हणजे गळती. मग पाण्याची, त्यात दाब सोडताना गळती असेल तिथून बुडबुडे निघतात, तुम्ही समोर उभं राहून बघा की. पोहणारे असाल तर वर्षातून एकदा करून घ्या, खर्च फार नाही.

घरी एवढंच सांभाळा: चावी आत ढकलून आटे घट्ट बसवायचे, पाण्यात असताना चावीला हात लावायचा नाही. काचेच्या आत धुकं दिसलं तर त्याच दिवशी घेऊन या, तांदळाच्या डब्यात ठेवून वाट बघू नका, तोवर आत गंज धरतो. आणि काही मॉडेलला आत शिरलेला हेलियम वायू बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह असतो, त्याचे जादा पैसे मोजायची गरज नाही, तो खोल समुद्रातल्या कामासाठी दिवसेंदिवस प्रेशर चेंबरमध्ये राहणाऱ्यांसाठी आहे.

लाखाचं नाही परवडत? सेइको (Seiko) कंपनीची डायव्हिंगची घड्याळं 1965 पासून आहेत, 200 मीटरवाली मजबूत येतात, काम तेच करतात. महागड्यात फिनिशिंग न् नावाचे पैसे बरेच असतात, हे आम्ही गिऱ्हाइकाला तोंडावर सांगतो.

घड्याळ वॉरंटीत असेल तर आमच्याकडं उघडायला आणू नका, कंपनीच्या सेंटरलाच द्या. वॉरंटी संपली की मग या.