लिटरभर विमान इंधनासाठी पावणेदोन लिटर इथेनॉल

पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजने तयार केलेले जैवइंधन मिसळून 19 मे 2023 रोजी पुणे-दिल्ली विमान उडाले. इंधन बनते, विमान उडते. अडते ते हिशेबात, आणि त्या हिशेबातला खरा खलनायक ऑक्सिजन आहे.

इथेनॉलपासून विमान इंधन बनवण्याची रीत अशी: इथेनॉलची वाफ 300 ते 450 अंश सेल्सिअसला अ‍ॅल्युमिना या उत्प्रेरकावरून (क्रिया घडवून आणणाऱ्या पदार्थावरून) नेली की पाणी सुटते आणि इथिलीन उरते. इथिलीनचे रेणू जोडून 8 ते 16 कार्बनच्या साखळ्या करायच्या, त्यांना हायड्रोजन द्यायचा आणि ऊर्ध्वपातनाने विमान इंधनाचा भाग वेगळा काढायचा. आता वजने पाहा. इथेनॉलचा रेणुभार 46, इथिलीनचा 28. उत्प्रेरक कितीही उत्तम असो, इथेनॉलमधला ऑक्सिजन पाण्यातून निघून जातो, त्यामुळे किलोमागे सुमारे 390 ग्रॅम पाणी होऊन जाणारच. गळती धरली तर लिटरभर इंधनाला 1.7 लिटर किंवा थोडे जास्तच इथेनॉल लागते.

उसाच्या रसापासूनच्या इथेनॉलला 2024-25 मध्ये तेल कंपन्या लिटरला 65.61 रुपये देत होत्या. म्हणजे नुसत्या कच्च्या मालाचे 111 रुपये झाले. हायड्रोजन, वाफ, व्याज अजून बाकीच. मुंबईत त्याच काळात नेहमीचे विमान इंधन लिटरला 80-90 रुपयांच्या आसपास होते. शिवाय पेट्रोलमध्ये मिसळायला इथेनॉल लिटरवर विकले जाते, त्यातल्या ऑक्सिजनसकट; म्हणजे ऑक्सिजनचेही पैसे मिळतात. मग डिस्टिलरीने ते विमानासाठी का द्यावे?

मग पेंढ्यापासून इथेनॉल करा, पेंढा तर स्वस्त, असे सुचवले जाते. पेंढा स्वस्त असतो तो शेतात. पानिपतचा इंडियन ऑइलचा प्रकल्प 900 कोटींहून जास्त खर्चून उभा राहिला. वर्षाला 2 लाख टन पेंढ्यापासून 3 कोटी लिटर इथेनॉल ही त्याची आखणी. वार्षिक लिटरमागे भांडवल 300 रुपये. त्यावर व्याज-घसारा 15 टक्के धरला तर लिटरला 45 रुपये, आणि विमान इंधनाच्या लिटरला साधारण 76. पेंढा, एन्झाइम, मजुरी यांचा एक पैसाही यात नाही. हे गणितही संयंत्र पूर्ण क्षमतेने चालले तरच. निम्मेच चालले तर 76 चे 152 होतात. आणि अडायला कारणे भरपूर: कापणीनंतर काही आठवड्यांतच वर्षभराचा पेंढा गोळा करून कोरडा ठेवायचा, गठ्ठ्यांना आग लागू द्यायची नाही, माती आणि पेंढ्यातली सिलिका यंत्रांचे पोलाद झिजवतात, पेंढा आत ढकलणारा स्क्रू तुंबतो. आमच्या मते साखर कारखान्याचा बगॅस (रस काढल्यावर उरणारे उसाचे चिपाड) इथे उजवा, कारण तो गाळपाबरोबर आयताच दारात येतो. पण तोही फुकट नाही. बॉयलरमध्ये जाळून त्याची वीज विकली जाते.

आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी भारताने 2027 ला 1 टक्का, 2028 ला 2 आणि 2030 ला 5 टक्के हरित इंधनाच्या मिश्रणाचे उद्दिष्ट ठेवले आहे. हरित इंधन 200 रुपये लिटर आणि साधे 85 धरले, तर 1 टक्का मिश्रणाने सरासरी लिटर 1.15 रुपयांनी महागतो. विमान कंपनीच्या खर्चात इंधनाचा वाटा 35-40 टक्के धरला, तर तिकिटावर भार येतो अर्ध्या टक्क्याचा. प्रवाशाला तो जाणवणारही नाही. कारखान्याला कर्ज देणारी बँक मात्र पुढची 10 वर्षे ठरलेल्या दराने खरेदीचा करार मागते, आणि 1 टक्क्याचे उद्दिष्ट म्हणजे तसा करार नव्हे.